गाडी बंद पडली? आधी सांगा, तुम्ही कुठे उभे आहात

बावीस वर्षं मी बंद पडलेल्या गाड्या ओढून नेतोय. फोन आला की निघायचं, हुक लावायचा, गाडी वर घ्यायची, गॅरेजला सोडायची. या धंद्यात एक गोष्ट फार लवकर कळते. गाडी बंद पडल्याने माणसाला सहसा काही होत नाही, लागतं ते त्यानंतर. कुणी बोनेट उघडून आत डोकं घालतो, कुणी रस्त्याच्या बाजूचं चाक काढायला उकिडवा बसतो, कुणी डिकीत सामान हुडकत पाठमोरा उभा असतो. मागून येणाऱ्याला मात्र पुढची गाडी उभी आहे हे कळायलाच उशीर होतो, कारण लांबून उभी गाडी आणि हळू चाललेली गाडी अगदी सारखी दिसते.

म्हणून फोन आला की 'गाडीला काय झालं' हे मी दुसऱ्यांदा विचारतो. पहिला प्रश्न, 'तुम्ही आत्ता कुठे उभे आहात?' दहातले आठजण सांगतात, 'गाडीजवळच.'

गाडी अजून चालती आहे तोवर

इंजिन बंद पडलं तरी गाडी जागच्या जागी थांबत नाही. वेग आहे तोवर ती घरंगळत जाते आणि कडेला पोचायला तेवढाच वेग तुमच्या हाती असतो. घाबरून ब्रेक दाबलात तर तो वाया गेला. चारही इंडिकेटर लावा, क्लच दाबा किंवा गाडी न्यूट्रलला घ्या, आरसा बघा आणि एकेक लेन करत कडेला या. स्टिअरिंग एकदम जड होईल. ते तुटलेलं नसतं, त्याची पॉवर गेलेली असते, दोन्ही हातांनी जोर लावला की वळतं. ब्रेकचंही तसंच. पायाचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरमध्ये एक-दोनदा दाबण्यापुरता व्हॅक्यूम उरलेला असतो, नंतर पेडल दगडासारखं होतं. म्हणून ब्रेक सोडत-दाबत बसू नका, लागेल तेव्हा एकदाच सलग दाबा. आणि गाडी पूर्ण थांबेपर्यंत किल्ली काढायची नाही, स्टिअरिंग लॉक झालं तर खेळ संपला.

थांबायची जागा निवडताना मागून येणाऱ्याच्या डोळ्यांनी बघा. वळण संपल्यासंपल्या किंवा चढाच्या माथ्यापलीकडे थांबू नका. टायर बसलेला असला तरी बेताने दोनशे मीटर पुढे जाऊन सरळ, रुंद जागा मिळत असेल तर जा. रिम वाकेल, वाकू दे.

टायर फुटला की पाय आपोआप ब्रेकवर जातो, तिथेच गाडी फिरते. स्टिअरिंग घट्ट धरून सरळ ठेवा, ॲक्सिलरेटर हळूहळू सोडा, वेग आपोआप उतरू द्या आणि मगच कडेला घ्या. इंजिन चालू असूनही ब्रेकच लागत नसतील तर पेडल भराभर मारत राहा, एकेक गिअर खाली आणा आणि हँडब्रेक बटण दाबून धरून थोडा थोडा ओढा. एकदम खेचलात तर मागची चाकं जाम होतात. हँडब्रेकच्या जागी नुसतं बटण असलेल्या गाड्यांत ते धरून ठेवलं तर बहुतेकदा चालत्या गाडीतही ब्रेक लागतो.

थांबल्यानंतरची दोन मिनिटं

चारही इंडिकेटर चालू ठेवा, अंधार असेल तर साधे दिवेही. पुढची चाकं रस्त्यापासून बाहेरच्या दिशेला वळवा, म्हणजे मागून धक्का बसला तरी गाडी रहदारीत जाणार नाही. मग सगळ्यांनी रहदारीपासून लांबच्या दाराने उतरायचं. चालकानेही त्याच बाजूने सरकून यायचं, कितीही अवघड वाटलं तरी.

उतरून कुठे जायचं? कठडा असेल तर त्याच्या पलीकडे, नसेल तर रस्त्यापासून जमेल तेवढं लांब. आणि गाडीच्या पुढे नाही. गाडीच्या मागे, म्हणजे वाहनं जिकडून येतात तिकडे, काही मीटर अंतरावर. लोकांना हे उलटं वाटतं. एकदा भर पावसात एक कुटुंब छत्री धरून बोनेटसमोर उभं होतं, मध्ये गाडी आहे म्हणून निर्धास्त. पण मागून कुणी धडकलं तर ती गाडी जाणार कुठे? पुढेच. त्यांना हलवलं तेव्हा आजोबा माझ्यावर थोडे रागावलेही होते.

उतरण्यासारखी परिस्थितीच नसेल, दोन्ही बाजूंनी गाड्या सुसाट जात असतील, तर आतच बसा, पट्टे बांधून, दिवे चालू ठेवून, आणि आपत्कालीन क्रमांकाला फोन करा. माझ्या आधी त्यांना.

चमकणारं जॅकेट डिकीत ठेवण्यात अर्थ नाही, ते घ्यायलाच रहदारीत उभं राहावं लागतं. दाराच्या कप्प्यात ठेवा, उतरण्याआधी घाला. मी हे एका दिवसात शिकलो. धंद्यातलं तिसरं वर्ष असेल, रस्त्याकडे पाठ करून हुक लावत होतो. शेजारून ट्रक गेला. आवाज आधी आला नाही, आधी डोक्यावरची टोपी गेली. ट्रकच्या आरशाने उडवली की वाऱ्याने, आजही सांगता येणार नाही. तेव्हापासून रहदारीला पाठ दाखवून मी बुटाची नाडीसुद्धा बांधत नाही.

इशाऱ्याचा लाल त्रिकोण लोक गाडीच्या मागे दहा पावलांवर ठेवतात. हिशोब करून बघा. ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ २८ मीटर. चालकाला दिसून, कळून, पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरा, तेवढ्यात ४० मीटर संपले. पुढे कोरड्या रस्त्यावर गाडी थांबायला आणखी पन्नास-साठ मीटर. म्हणजे वेगाच्या रस्त्यावर त्रिकोण निदान १०० मीटर मागे हवा, माझी साधारण १३० पावलं. ओल्या रस्त्यावर आणखी मागे. वळण असेल तर वळणाच्या अलीकडे. नेताना तो छातीसमोर, वाहनांकडे तोंड करून धरा आणि कठड्याबाहेरून चाला. चालायला कडच नसेल तर त्रिकोण राहू द्या. त्यासाठी जीव घालवू नका.

मग मला फोन. किलोमीटरचा दगड, जवळचा पूल किंवा फाटा सांगा आणि कुठल्या दिशेने चालला होतात तेही. हे शेवटचं जवळजवळ सगळेच विसरतात. मध्ये दुभाजक असला तर पलीकडून तुम्हाला हात करत मी पुढच्या वळणापर्यंत जातो आणि अर्धा तास वाया जातो.

दिवे, धूर आणि वाफ

तेलाच्या किटलीचा लाल दिवा चालू इंजिनात लागला तर इंजिन तिथल्या तिथे बंद. 'गॅरेज दोन किलोमीटरवर आहे' म्हणून गेलेल्यांची इंजिनं मी उचलून नेली आहेत. बॅटरीचा लाल दिवा म्हणजे चार्जिंग थांबलंय. एसी, गाणी बंद करा, इंजिन मात्र बंद करू नका, परत चालू होईलच असं नाही. तापमानाच्या काट्यावर नजर ठेवा. काही गाड्यांत पाण्याचा पंप बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरच्याच बेल्टवर फिरतो, तो बेल्ट तुटला असेल तर काटा चढेल आणि मग थांबायलाच हवं. इंजिनाचा पिवळा दिवा नुसता पेटला असेल तर सावकाश गॅरेजला जा. लुकलुकत असेल तर मिसफायर होतंय, म्हणजे इंधन नीट पेटत नाही, आणि न जळलेलं इंधन सायलेन्सरच्या लाइनमधल्या, धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापतो. वेग कमी करा आणि थांबा.

माझ्या उजव्या मनगटापासून कोपरापर्यंत एक गुळगुळीत, तुकतुकीत पट्टा आहे, त्यावर केस उगवत नाहीत. रेडिएटरचं झाकण. ओलं फडकं धरून फिरवलं होतं, मला वाटलं होतं फडकं पुरेल. आतलं पाणी दाबाखाली असतं, म्हणून १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल झालं की दाब जातो आणि सगळं पाणी एका क्षणात उकळून बाहेर येतं. काटा लालमध्ये गेला तर एसी बंद करा, हीटर पूर्ण आणि पंखा जोरात लावा. उन्हाळ्यातही. इंजिनाची बरीच उष्णता केबिनमध्ये येते, तुम्ही भाजून निघता, इंजिन वाचतं. तेवढ्यात थांबायची जागा शोधा. नंतर निदान अर्धा तास झाकणाला हात नाही. वरचा जाड पाइप दाबून बघता येण्याइतका गार आणि मऊ झाला की मग विचार करायचा. भरतानाही पाणी थोडं थोडं, तापलेल्या इंजिनात गार पाण्याचा लोंढा गेला तर हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, तडकू शकतं. बोट पंख्यापासून लांब, इंजिन बंद असतानाही तो अचानक फिरू शकतो.

वाफ पांढरी असते आणि लगेच विरते. प्लॅस्टिक, रबर किंवा पेट्रोलचा वास येत असेल तर तो धूर आहे. इंजिन बंद करा, माणसं बाहेर काढा, पन्नासएक पावलं लांब जा, अग्निशमन दलाला फोन करा. बोनेट उघडायचं नाही, आतल्या आगीला तेवढीच हवा हवी असते. गाडी इलेक्ट्रिक किंवा हायब्रिड असेल तर फोनवरच तसं सांगा, तिची बॅटरी विझल्यावर काही तासांनी परत पेट घेऊ शकते. आणि तिच्यातल्या जबर व्होल्टेजच्या नारिंगी केबलला कुठल्याही परिस्थितीत हात लावू नका.

स्टेपनी

आधी ठरवा की टायर बदलायचाच का. बसलेला टायर रहदारीच्या बाजूला आहे आणि गाड्या हातभर अंतरावरून जातायत, तर नाही. माझी वाट बघा.

जमीन सपाट आणि टणक हवी. हँडब्रेक, पहिला गिअर, ऑटोमॅटिक असेल तर 'पी', आणि बदलायच्या चाकाच्या तिरक्या समोरच्या चाकाला दोन्हीकडून दगड. जॅक लावायच्या आधीच, चाक जमिनीवर असताना, नट अर्धा आटा ढिले करा. पाना आडवा लावायचा आणि हाताने न ओढता त्याच्या टोकावर पाय ठेवून हळूहळू वजन टाकायचं. आधी काहीच होत नाही. मग 'कट्ट' असा आवाज येतो आणि पाना एक बोटभर खाली जातो. त्या आवाजाला घाबरून लोक थांबतात, नट मोडला वाटतं. मोडलेला नसतो, सुटलेला असतो. पाचातला एक नट वेगळ्या आकाराचा दिसला तर तो चोरांसाठीचा लॉक नट, त्याची चावी बहुतेक डॅशबोर्डच्या कप्प्यात किंवा स्टेपनीच्या खळग्यात असते. ती कुठे आहे हे आजच बघून ठेवा.

जॅक दाराखालच्या पट्टीत जिथे खाचा आहेत तिथेच लावा. गाडी थोडी उचलली की स्टेपनी आडवी करून गाडीखाली सरकवा, जॅक घसरला तर गाडी तिच्यावर बसेल. नंतर तिच्या जागी काढलेलं चाक. हात, पाय, डोकं खाली काहीही जायचं नाही, पडलेल्या नटासाठीसुद्धा. स्टेपनी बसवली की नट निमुळती बाजू आत ठेवून आधी बोटांनी फिरवा, मग पान्याने एकाआड एक, समोरासमोरचे. शेवटचं घट्ट आवळणं गाडी खाली घेतल्यावर. पन्नासएक किलोमीटरनंतर परत एकदा आवळा.

स्टेपनी बारीक असेल तर तिच्यावर ८० ची मर्यादा लिहिलेली असते, आणि हवा बहुतेकदा ६० पीएसआय, म्हणजे नेहमीच्या टायरच्या जवळजवळ दुप्पट. मी काढलेल्या स्टेपन्यांपैकी निम्म्यांत हवाच नव्हती.

बॅटरी आणि पाणी

जंपर केबलचा क्रम पाठ करा. लाल आधी मेलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगलीच्या प्लसला. काळी चांगलीच्या मायनसला आणि शेवटचा चिमटा मेलेल्या गाडीच्या इंजिनाच्या कोऱ्या धातूला, बॅटरीपासून लांब. शेवटचा चिमटा लावताना ठिणगी उडते आणि बॅटरीवर हायड्रोजन, म्हणजे भडकणारा वायू, असू शकतो. काढताना बरोबर उलटं. बॅटरी फुगलेली असेल तर प्रयत्नच नको.

वाहत्या पाण्यात गाडी घालू नका. ३० सेंटीमीटर पाणी छोटी गाडी तरंगवतं, ६० सेंटीमीटर बहुतेक गाड्या वाहून नेतं. पाण्यात इंजिन बंद पडलं तर परत स्टार्टर मारू नका, सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर पिस्टनचा दांडा, कनेक्टिंग रॉड, वाकतो. गाडी बुडायला लागली तर दार ओढत बसू नका, पाण्याचा दाब ते उघडू देत नाही. पट्टा सोडा, काच खाली करा, मुलांना आधी काढा, बाहेर पडा. पॉवर विंडो सुरुवातीला थोडा वेळ चालतात. फोन नंतर.

मी येतो तेव्हा

ऑटोमॅटिक, चारही चाकांना पॉवर असलेली किंवा इलेक्ट्रिक गाडी असेल तर फोनवरच सांगा, ती चाकांवर ओढायची नसते, पूर्ण उचलावी लागते. कुणी दोरीने ओढून न्यायला पुढे आलंच तर किल्ली 'ऑन'वर ठेवा, म्हणजे स्टिअरिंग मोकळं राहील, आणि ताणलेल्या दोरीच्या रेषेत कुणीही उभं राहायचं नाही.

माझा पिवळा दिवा दिसला की लोक हात हलवत गाडीकडे धावत येतात. येऊ नका. तुम्ही कठड्यापलीकडेच थांबा, किल्ली घ्यायला मी तिकडे येतो.