घरच्या प्लेडोचा संवेदी खेळ: या चुका टाळा

घरी शिजवलेला प्लेडो, म्हणजे खेळण्यासाठी केलेला पिठाचा मऊ गोळा, लहान मुलाच्या हाती दिला की दाबणे, लाटणे, तोडणे आणि जोडणे या साध्या क्रियांतून बोटांना आणि मनगटाला भरपूर काम मिळते, आणि मऊ व खरखरीत, गार व कोमट, कोरडे व ओलसर हे स्पर्शातील भेद मूल स्वतः अनुभवते. त्याला समुद्रकिनारा, बाग, शेत किंवा अवकाश अशा एखाद्या विषयाची जोड दिली की याच क्रियांना कथा मिळते. तरीही पुष्कळ घरांत हा खेळ थोड्याच दिवसांत थांबतो. गोळा चिकट होतो, त्याचा चुरा पडतो, त्यावर बुरशी येते, किंवा मांडलेली सजावट पाहून मूल दोन मिनिटांत उठून जाते. यांतील बहुतेक अडचणींचे मूळ एकच आहे: विषयाची तयारी आधी आणि फार होते, तर गोळ्याची तयारी शेवटी आणि घाईने होते. हा क्रम उलटा असायला हवा.

गोळा शिजवताना होणारी घाई

एक कप मैदा, अर्धा कप बारीक मीठ, दोन छोटे चमचे क्रीम ऑफ टार्टर (बेकिंगमध्ये वापरली जाणारी आंबट पांढरी पूड), एक मोठा चमचा तेल आणि एक कप पाणी हे प्रमाण भरवशाचे आहे. क्रीम ऑफ टार्टरच्या आम्लतेमुळे गोळा गुळगुळीत आणि लवचीक राहतो. ते मिळाले नाही तर चार छोटे चमचे लिंबाचा रस चालतो, मात्र तेवढे पाणी कमी करावे. सर्व साहित्य एकदम पातेल्यात टाकून गॅस मोठा करणे ही सर्वांत नेहमीची चूक आहे. त्यात मीठ नीट विरघळत नाही, मैद्याच्या गाठी होतात आणि तळ करपत असताना मधला भाग कच्चाच राहतो. आधी कोमट पाण्यात मीठ विरघळवावे, मग मैदा व इतर साहित्य घालून गुठळ्या पूर्ण मोडाव्यात आणि त्यानंतरच मंद आचेवर सतत ढवळत शिजवावे. उष्णतेने पिठातील स्टार्च पाणी शोषून फुगतो आणि त्यामुळेच गोळ्याला अंग येते. मिश्रण कडा सोडून एकत्र जमले आणि कच्च्या पिठाची ओली चकाकी गेली, की गॅस बंद करावा. भांडे शक्यतो नॉनस्टिक किंवा स्टीलचे घ्यावे, कारण मीठ आणि आम्ल यांचा ॲल्युमिनियमवर परिणाम होऊन गोळ्याला करडी छटा येऊ शकते.

चिकटपणाची तक्रार सर्वाधिक असते आणि तिच्यावरचा प्रचलित उपायच चुकीचा असतो. गरम गोळा नेहमीच चिकट लागतो, त्यामुळे तो कोमट होऊन मळून झाल्याशिवाय त्याच्याविषयी मत बनवू नये. त्यानंतरही बोटांना चिकटत असेल तर तो पुन्हा मंद आचेवर एक-दोन मिनिटे परतावा. वरून कोरडा मैदा भुरभुरवल्याने काम तात्पुरते भागते, पण शिजलेल्या गोळ्यात कच्चे पीठ जाते, जे मुळात आपल्याला टाळायचे असते. उलट चुरा पडत असेल तर गोळा जास्त शिजलेला किंवा सुकलेला आहे असे समजावे. अशा गोळ्यावर पाणी ओतले तर तो बाहेरून बुळबुळीत आणि आतून कोरडा होतो. त्याचे लहान तुकडे करावेत, हात कोमट पाण्यात बुडवून प्रत्येक तुकडा स्वतंत्र मळावा आणि शेवटी सर्व एकत्र करावे. दाणेदारपणा मात्र जाड मिठामुळे येतो आणि नंतर तो फारसा सुधारत नाही. असा गोळा टाकून देण्यापेक्षा वाळूच्या किंवा खडबडीत रस्त्याच्या विषयासाठी वापरावा, तिथे तोच गुण ठरतो.

कच्चे पीठ आणि मीठ

पीठ न शिजवता नुसते पाण्यात मळून देण्याची पद्धत सोपी असली तरी लहान मुलांसाठी मी ती मुळीच सुचवणार नाही. कच्च्या पिठात रोगजंतू असू शकतात. २०१६ मध्ये अमेरिकेत कच्च्या पिठामुळे ई. कोलाय या जिवाणूची साथ पसरली, तेव्हा आजारी पडलेल्यांपैकी काही मुलांना उपाहारगृहात कच्चा गोळा खेळायला दिला गेला होता, असे तपासात आढळले. गोळा पूर्ण शिजवावा आणि खेळानंतर हात साबणाने धुवावेत.

गोळा शिजलेला आहे म्हणून तो खाण्याजोगा होत नाही, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. अर्धा कप बारीक मीठ सुमारे १४० ग्रॅम भरते, म्हणजे ते एक कप मैद्याहून जड असते आणि तयार गोळ्याच्या वजनात त्याचा वाटा एक चतुर्थांशाहून अधिक असतो. एखाद्या वेळी चाटल्याने मूल बहुधा तोंड वाकडे करून थांबते, पण मोठा तुकडा गिळला गेल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. म्हणूनच चॉकलेट, स्ट्रॉबेरी किंवा व्हॅनिलाचा सुवास घालून केकचे दुकान मांडण्याचा विषय मला दोन-अडीच वर्षांच्या मुलांसाठी अयोग्य वाटतो. खाऊसारखा दिसणारा आणि खाऊसारखा वास येणारा गोळा तोंडात घालू नकोस असे सांगणे हा त्या वयावर अन्याय आहे. घरात कुत्रा असेल तर गोळा त्याच्या तोंडी लागणार नाही असा ठेवावा, कारण इतके मीठ त्याच्या जिवावर बेतू शकते. गव्हाची ॲलर्जी असलेल्या मुलाला मैद्याचा गोळा देऊ नये, आणि हातावर जखम किंवा त्वचेवर चिरा असतील तर मीठ झोंबते, म्हणून त्या दिवशी खेळ पुढे ढकलावा.

रंगाच्या बाबतीत एवढेच सांगायचे, की पातळ खाद्यरंग अधिक घातल्यास गोळा सैल पडतो, त्यामुळे गडद छटेसाठी जेल रंग घ्यावा. संपूर्ण गोळा एकाच रंगाचा हवा असेल तर रंग पाण्यातच मिसळावा. सुगंधी तेलांचे तीव्र थेंब आणि दालचिनीची पूड मुलांच्या नाजूक त्वचेला त्रासदायक ठरू शकतात, ती टाळलेलीच बरी.

विषयाचा अतिरेक

खेळाचा कस लागतो तो इथे. समुद्राचा विषय ठरला की निळा गोळा, त्यावर शिंपले, मासे, मोती, चमकी, छोट्या होड्या, दीपस्तंभ आणि तयार साचे असा थाट मांडला जातो. छायाचित्रात तो सुंदर दिसतो, पण मुलासाठी करण्यासारखे काहीच उरत नाही. ते वस्तू उचलते, परत ठेवते आणि गोळ्याला क्वचितच हात लावते. त्याऐवजी निळा आणि वाळूच्या रंगाचा असे दोन गोळे, मोठे तीन-चार शिंपले आणि एक लहान लाटणे एवढेच ठेवावे. शिंपला दाबल्यावर उमटलेली नक्षी पाहण्यात, लाट कशी करायची हे ठरवण्यात आणि वाळूत काहीतरी पुरून पुन्हा शोधण्यात मूल रमते. वस्तू निवडताना एक कसोटी पुरेशी आहे: या वस्तूमुळे मूल गोळ्यावर काही करेल का? ठसा उमटवणारी, कापणारी, टोचली जाणारी किंवा आत लपणारी वस्तू ठेवावी, आणि नुसती पाहण्याची वस्तू काढून घ्यावी.

मोठ्यांनी आधी नमुना करून दाखवणे हीदेखील चांगल्या हेतूने होणारी चूक आहे. आईने रेखीव कासव केले की मूल आपले कासव मोडते आणि ‘तूच कर’ म्हणते. आपण शेजारी बसून गोळा लाटावा, वळी करावी, तुकडे जोडावेत, मात्र पूर्ण आकृती करू नये. ‘हे काय आहे?’ या प्रश्नानेही पुष्कळ मुले गप्प होतात. ‘तू हा किती लांब केलास’ असे जे दिसते तेच बोलले की मूल स्वतःहून सांगू लागते. दोन रंग मिसळून शेवटी तपकिरी गोळा झाला तर नाराज होऊ नये, कारण मिसळणे हाच त्या दिवशीचा खेळ होता. तोच गोळा पुढे शेतातली माती म्हणून उत्तम चालतो.

तीन वर्षांखालील मुलांसाठी मणी, बटणे, खेळण्यांचे प्लास्टिकचे डोळे आणि कडधान्ये विषयात आणूच नयेत. ती घशात अडकू शकतात, तर नाकात किंवा कानात गेलेले कडधान्य ओलाव्याने फुगते. पाण्यात फुगणारे जेलचे मणी कोणत्याही लहान मुलाजवळ नकोत, कारण गिळल्यावर ते आतड्यात फुगून अडथळा निर्माण करतात. मूल मोठे असले तरी काहीही तोंडात घालण्याची सवय सुटलेली नसेल, तर हाच नियम लागू करावा.

काही मुलांना गोळ्याचा स्पर्शच नकोसा वाटतो. अशा वेळी त्यांचा हात धरून गोळ्यात दाबणे ही मोठी चूक आहे, त्यामुळे नावड भीतीत बदलते. प्रथम काटा, लाटणे किंवा साचा वापरू द्यावा, किंवा गोळा बंद पारदर्शक पिशवीत घालून वरून दाबू द्यावा. बोट कधी लावायचे ते मूल ठरवेल.

साठवण

गरम गोळा डब्यात बंद केल्यास आत वाफ जमते, पृष्ठभाग ओला होतो आणि बुरशीला वाट मिळते. पूर्ण गार झाल्यावरच तो हवाबंद डब्यात किंवा पिशवीत, शक्य तेवढी हवा काढून ठेवावा. चांगला शिजवलेला गोळा असा काही आठवडे सहज टिकतो. दमट हवेत मीठ ओलावा ओढून घेते, त्यामुळे ठीक असलेला गोळाही पुन्हा चिकट होऊ शकतो. तो मंद आचेवर एक-दोन मिनिटे परतून मळला की बहुधा पूर्ववत होतो. उलट वर पांढरे कण दिसले तर ते बाहेर आलेले मीठ आहे की बुरशी, हे नीट पाहावे. मिठाचे कण कोरडे व टणक असतात, तर बुरशी केसाळ दिसते आणि तिला कुबट वास येतो. ताजी फुले, पाने किंवा चहाचा ओला चोथा मिसळलेला गोळा फार लवकर खराब होतो, म्हणून तेवढाच भाग वेगळा काढून त्याच दिवशी टाकावा. आजारी मुलाने हाताळलेला किंवा बुरशी आलेला गोळा सुधारत बसू नये. तो पिशवीत बांधून झाकणाच्या कचराकुंडीत टाकावा, म्हणजे भटक्या जनावरांच्या तोंडी लागणार नाही.