धडधड आधी उतरते, विचार नंतर

आई गेल्यावर मला पहाटेच जाग यायची. छातीत धडधड, हातपाय गार. उपयोग झाला तो श्वास सावकाश सोडण्याचा. चार सेकंद नाकाने आत, सहा सेकंद बाहेर, म्हणजे मिनिटाला सहा श्वास. उच्छ्वास लांबला की व्हेगस मज्जातंतू हृदयाचे ठोके मंदावतो, म्हणून धडधड आधी उतरते, विचार नंतर. श्वास रोखायचा नाही. घाबऱ्या जिवाला कुंभक नकोच, हे माझं ठाम मत. मग ओठ मिटून भ्रामरी, म्हणजे श्वास सोडताना भुंग्यासारखं गुणगुणणं.

सांगलीत कृष्णेच्या घाटावर बसायचे. रडू आलं तर येऊ द्यायचे, प्राणायाम दुःख दाबायला नसतो. झोप तरी येईना, तेव्हा मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी औषधांसोबत हेही चालू ठेवायला सांगितलं.