तक्रार अर्जात आंतरराष्ट्रीय करार कसा वापरायचा

मानवी हक्क आयोगाकडे किंवा न्यायालयात करायच्या अर्जाच्या शेवटी ‘हा मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याचा भंग आहे’ असे एक वाक्य जोडण्याची पद्धत पडली आहे. त्याने अर्जाचे वजन वाढत नाही. १९४८चा जाहीरनामा मोठाच आहे, पण तो करार नव्हे. सरकारने स्वतःहून अंगावर घेतलेल्या जबाबदाऱ्या नंतरच्या करारांत आहेत आणि अर्ज त्यांच्यावर उभा करायचा असतो.

आधी भारत कशाने बांधला गेला आहे ते पाहा. संयुक्त राष्ट्रांचे नागरी व राजकीय हक्कांचा करार आणि आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांचा करार हे दोन्ही भारताने १० एप्रिल १९७९ रोजी स्वीकारले. वंशभेदाविरुद्धचा करार १९६८ मध्ये, बालहक्कांचा १९९२ मध्ये, स्त्रियांविरुद्धच्या भेदभावाविरुद्धचा १९९३ मध्ये आणि अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २००७ मध्ये स्वीकारला. छळविरोधी करारावर १९९७ मध्ये सही झाली, मंजुरी मात्र अजून दिलेली नाही. कोठडीतल्या मारहाणीच्या अर्जात नेमका तोच पुढे केला, तर ‘भारताने याला मंजुरी दिलेली नाही’ एवढ्या उत्तरावर मुद्दा निकालात निघतो. तिथे नागरी हक्कांच्या कराराचे कलम ७ आणि कलम १० लिहा. छळाला बंदी आणि कैद्याला माणुसकीची वागणूक या दोन्ही गोष्टी त्यांत आहेत, आणि कलम ७ आणीबाणीतही स्थगित करता येत नाही.

मग त्या कलमावर भारताने काही अट घातली आहे का ते तपासा. ही पायरी बहुतेक जण गाळतात. कलम ९, म्हणजे अटक आणि स्वातंत्र्य, हे स्वीकारताना भारताने दोन गोष्टी नोंदवल्या: प्रतिबंधक स्थानबद्धतेला (गुन्हा होण्याआधीच खबरदारी म्हणून डांबून ठेवण्याला) राज्यघटनेच्या अनुच्छेद २२च्या तरतुदी लागू राहतील, आणि बेकायदा अटकेसाठी शासनाकडून भरपाई मिळण्याचा हक्क भारतीय कायद्यात नाही. दुसरी अट समोरून पुढे आली तर घाबरू नका. नीलबती बेहेरा खटल्यात (१९९३) सर्वोच्च न्यायालयाने कोठडीतल्या मृत्यूबद्दल भरपाई दिली आणि डी. के. बसू निकालात या अटीला आता अर्थ उरलेला नाही असे स्पष्ट म्हटले. हे दोन निकाल अर्जातच लिहून टाका.

आता खरा गाभा: शासनाने नेमके काय करायला हवे होते? जबाबदारी तीन प्रकारची असते. शासनाने स्वतः हक्क मोडू नये, दुसऱ्या कुणाला मोडू देऊ नये, आणि हक्क प्रत्यक्षात मिळेल अशी व्यवस्था उभारावी. तलाठ्याने झोपडी पाडली तर पहिली. कारखाना नदीत रसायन सोडतो आणि अधिकारी गप्प बसतात तर दुसरी. या अर्जात कारखान्यापेक्षा अधिकाऱ्यांना तक्रारी कधी दिल्या आणि त्यांनी काय केले नाही, याच्या तारखा महत्त्वाच्या. पाड्यावर नळयोजनाच नाही तर तिसरी.

तिसऱ्या प्रकारात ठरलेले उत्तर येते: ‘आर्थिक हक्क टप्प्याटप्प्याने द्यायचे असतात, निधी नाही.’ आर्थिक हक्कांच्या कराराच्या कलम २ मध्ये तशी सवलत आहेच, पण ती अर्धीच सांगितली जाते. त्याच कलमानुसार उपलब्ध साधने जास्तीत जास्त वापरायची आहेत आणि भेदभाव तर पहिल्या दिवसापासून बंद. करारावर देखरेख करणाऱ्या समितीने १९९० मध्ये हेही स्पष्ट केले की प्रत्येक हक्काचा किमान गाभा पुरवणे ही जबाबदारी पुढे ढकलण्यासारखी नाही, आणि मिळत असलेले काढून घेण्याला सबळ कारण लागते. पाण्याबद्दल २००२ मध्ये समितीने कलम ११ व १२ मधून हक्क मांडला: पाणी पुरेसे, सुरक्षित, पोहोचता येईल असे आणि परवडणारे हवे.

म्हणून पाण्याच्या अर्जात ‘पाणी नाही’ एवढे लिहून थांबू नका. पाण्याच्या नमुन्याचा प्रयोगशाळा अहवाल जोडा. माहिती अधिकारात गेल्या तीन वर्षांत योजनेला किती निधी मंजूर झाला, किती खर्च झाला, किती परत गेला हे मागवा. अखर्चित रक्कम कागदावर आली की ‘निधी नाही’ हे उत्तर टिकत नाही. शेजारच्या वस्तीला नळ आहेत आणि दलित किंवा आदिवासी वस्तीला नाहीत, असे असेल तर नकाशा काढून जोडा, कारण भेदभावाला टप्प्यांची सवलत नाही. ‘हा विषय ग्रामपंचायतीचा’ असे उत्तर आले तर त्याच कराराचे कलम २८ दाखवा: संघराज्याच्या सर्व भागांना तो अपवादाशिवाय लागू आहे. नागरी हक्कांच्या करारात हेच कलम ५० मध्ये आहे.

करार भारतीय न्यायालयात एकटा चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या जॉली जॉर्ज वर्गीस (१९८०) निकालापासून हे पक्के आहे. विशाखा निकालाने (१९९७) वाट दाखवली: देशात कायदा नसेल आणि करार मूलभूत हक्कांशी विसंगत नसेल, तर तो हक्कांचा अर्थ लावताना वाचता येतो. म्हणून क्रम असा ठेवा: घटना, तारीख, राज्यघटनेचा अनुच्छेद, मग कराराचे कलम, मग मागणी. उदाहरणार्थ: ‘वरील कृत्याने अनुच्छेद २१चा भंग झाला असून, तो अनुच्छेद नागरी व राजकीय हक्कांच्या कराराच्या कलम ७ व १० सह वाचावा. सबब स्वतंत्र चौकशी आणि अंतरिम भरपाईचे आदेश व्हावेत.’

मानवी हक्क आयोगाला शुल्क लागत नाही, वकीलही लागत नाही. राष्ट्रीय आयोगाकडे मराठीत अर्ज चालतो, कारण राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या भाषा तिथे स्वीकारल्या जातात. १९९३च्या मानवी हक्क संरक्षण कायद्याच्या व्याख्येतच १९७९ मध्ये स्वीकारलेले ते दोन्ही करार आहेत, तेव्हा त्या कायद्याच्या कलम २चा उल्लेख करा. अर्ज फेटाळले जातात ते बहुधा या कारणांनी: घटनेला एक वर्ष उलटले, निनावी किंवा मोघम मजकूर, नोकरीतला वाद, जमिनीचा दिवाणी वाद, प्रकरण न्यायालयात प्रलंबित. राज्य आयोगाकडे अर्ज असताना राष्ट्रीय आयोग त्याच प्रकरणाची चौकशी करत नाही, म्हणून एकच दार निवडा. आयोग शिफारस करतो, आदेश नव्हे. बंधनकारक आदेश हवा असेल तर अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालय.

संयुक्त राष्ट्रांच्या समितीकडे व्यक्तिगत तक्रार भारताविरुद्ध करता येत नाही, कारण त्यासाठीचे, मूळ करारांना जोडलेले ऐच्छिक करार भारताने स्वीकारलेले नाहीत. ऑस्ट्रेलिया किंवा कॅनडातल्या मराठी माणसाला तिथल्या शासनाविरुद्ध ती वाट आहे, पण आधी तिथली न्यायालये संपवावी लागतात. भारतातून विशेष प्रतिवेदकांना, म्हणजे संयुक्त राष्ट्रांनी एकेका विषयावर नेमलेल्या स्वतंत्र तज्ज्ञांना, मात्र लिहिता येते. करार मंजूर असण्याची किंवा न्यायालये संपवण्याची तिथे अट नाही. पीडिताची संमती घ्या, मजकूर फक्त बातम्यांच्या कात्रणांवर उभा करू नका, आणि नाव सरकारला कळवायचे की नाही हे ठळकपणे लिहा. पत्र सरकारकडे जाते आणि साधारण ६० दिवसांनी उत्तरासह प्रसिद्ध होते. साक्षीदाराला धोका असेल तर त्याचे नाव-गाव पहिल्या मसुद्यातूनच काढून टाका.