ठिपके नसलेली ‘ठिपक्यांची’

माझ्या एम.एस्सी.च्या फील्डवहीत पहिल्याच पानावर एक ओळ आहे: ‘लिसेमिस पंक्टाटा नाही. ठिपके नाहीत.’ लिसेमिस पंक्टाटा हे आपल्याकडच्या मऊ कवचाच्या एका कासवाचं शास्त्रीय नाव. ओळीपुढे लाल पेनाने मारलेली काट. प्राणिशास्त्र घेऊन कासवांकडे वळणाऱ्या कुणी विचारलं, की मी आधी ते पान दाखवते.

सोलापूरजवळच्या हिप्परग्याच्या तलावावर एका मच्छीमार काकांच्या जाळ्यात कासव अडकलं होतं. पंक्टाटा म्हणजे लॅटिनमध्ये ‘ठिपक्यांची’, एवढं मी आदल्या रात्री पाठ करून गेले होते. जाळ्यातलं कासव सरळ मातकट-हिरवट, पाठीवर एक ठिपका नाही. मी ऐटीत वहीत निकाल लिहून टाकला. काका म्हणाले, “काय बघलालीस एवढं? पाठ नको बघू, पाय बघ की.”

ते जाळं कापत होते. मी खाली वाकले. कासवाने मागचा पाय आत ओढला आणि पोटाच्या कवचाच्या कडेची कातड्याची एक चकती त्यावर अलगद बसली. शर्टाच्या खिशावर झाकण पडतं ना, तसं. दुसरा पाय, दुसरं झाकण. मग डोकं आत गेलं आणि पोटाकडचा पुढचा भाग बिजागरीसारखा वर उचलला गेला. पायांना बोटं पाच, पण नखं तीनच. मऊ कवचाच्या कासवांच्या कुळाला ट्रायोनिकिडी म्हणतात ते या तीन नखांवरून. आणि मागच्या पायांवर झाकणं असलेली भारतातली प्रजाती (म्हणजे जवळच्या जातींचा गट) एकच, लिसेमिस. काकांना यातलं एकही नाव माहीत नव्हतं, ओळख मात्र त्यांचीच बरोबर निघाली.

मग ठिपक्यांचं काय? उत्तर भारतात याच जातीची एक उपजात आहे, अँडरसोनाय. तिच्या पाठीवर पिवळे ठिपके असतात. दक्षिणेकडच्यांची पाठ साधी. शास्त्रीय नाव हे वर्णन नसतं, ते आडनावासारखं असतं. गोऱ्या माणसाचं आडनाव काळे असू शकतं. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर लाल काट वाचली असती.

तरी शास्त्रीय नाव हवंच, आणि ते का हवं हे सोलापुरात राहणाऱ्याला वेगळं सांगावं लागू नये. तलावाच्या एकाच काठावर मराठीत कासव, कन्नडमध्ये आमे, तेलुगूत ताबेलु आणि दखनीत कछवा. त्यात पुन्हा ‘कासव’ म्हटलं की देवळातल्या गाभाऱ्यासमोरचं दगडी, घुमटाकार, चौकटी-चौकटींच्या पाठीचं कासव डोळ्यांपुढे येतं. आमच्या लिसेमिसच्या पाठीवर तसले खवले नसतातच, वर नुसती कातडी. जाता जाता: वर्तमानपत्रं ‘प्रजाती’ हा शब्द सर्रास ‘जाती’साठी वापरतात. परीक्षेत तसं लिहू नका. प्रजाती म्हणजे लिसेमिस, जाती म्हणजे पंक्टाटा.

तोंडी परीक्षेत मला अडवलं ते नावापुढच्या माणसाने. शास्त्रीय नावापुढे ते नाव पहिल्यांदा देणाऱ्याचं नाव आणि साल लिहितात. मी प्रबंधात लिहिलं होतं, ‘लासेपेद, १७८८’. जुन्या पुस्तकांत तसंच आहे. परीक्षकांनी शांतपणे विचारलं, “बोनातेर का नाही?” मी गप्प. लासेपेद यांच्या ग्रंथात दोन शब्दी नामकरणाची पद्धत सगळीकडे पाळलेली नव्हती, म्हणून तो नामकरणासाठी बाद ठरला आणि श्रेय बोनातेर, १७८९ यांच्याकडे गेलं. जुनं पुस्तक चूक नसतं, जुनं असतं. नाव उतरवून घेताना ते कोणत्या साली छापलंय ते आधी बघा.

आणि कंस. मी कंस शोभेचा समजून गाळला होता! नाव देणाऱ्याचं नाव कंसात असलं, तर जातीला आज ज्या प्रजातीत ठेवलंय ती मूळची नव्हे. बोनातेर यांनी हिला टेस्ट्युडो म्हटलं होतं. लिसेमिस ही प्रजाती माल्कम स्मिथ यांनी १९३१ मध्ये केली, म्हणून बोनातेर कंसात. प्रजाती बदलली की कधी शेपूटही बदलतं: गंगेतलं मऊ कवचाचं कासव ट्रायोनिक्समध्ये होतं तेव्हा गँजेटिकस होतं, निल्सोनियात गेल्यावर गँजेटिका झालं. काळा बैल, काळी गाय, इतकं सोपं आहे ते. मराठी माणसाने याला घाबरायचं कारण नाही.

माझं सगळ्यात लाडकं नाव मात्र निल्सोनिया लिथाय. हेही मऊ कवचाचंच कासव. प्राणिशास्त्रज्ञ ग्रे यांनी १८७२ मध्ये लीथ नावाच्या डॉक्टरांवरून ते नाव ठेवलं. माणसाच्या नावावरून आलेलं हे शेपूट षष्ठीचं, ‘लीथचं’. त्यामुळे ट्रायोनिक्स, अस्पिडेरेटिस, निल्सोनिया अशी तीन घरं बदलूनही ते तसंच राहिलं. वर्णनासाठी वापरलेला नमुना पुण्याचा होता. पुण्याची मुळा-मुठा भीमेला मिळते, भीमा उजनीत येते आणि पुढे पंढरपूरला चंद्रभागा होते. म्हणजे आपल्याच पाण्यातलं नाव. पिल्लाच्या पाठीवर डोळ्यांसारखी गोल नक्षी असते, मोठं झाल्यावर ती पुसट होते. आज ही जात अतिसंकटग्रस्त गणली जाते, त्यामुळे ती दिसेल या आशेवर प्रबंधाचा विषय घेऊ नका.

लिसेमिसवर घ्या. बेडूक, गोगलगायी, मासे, पाणवनस्पती, तिला काहीही चालतं. आणि सोलापूरचा उन्हाळा काढण्याची तिची तऱ्हा बघण्यासारखी आहे. एप्रिल-मेमध्ये पाणी मागे हटलं की ती चिखलात शिरून पडून राहते. वरचा थर वाळून भेगाळतो, खाली कासव जिवंत. पहिला मोठा पाऊस झाला की बाहेर. तुळजापूर रस्त्यावर त्या दिवसांत रात्री गाडी जपून चालवा.

एक गोष्ट मात्र आधीच सांगते. ही कासवं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. विहिरीत सोडण्यासाठी किंवा घरच्या टाकीत ठेवण्यासाठी उचलणं गुन्हा आहे, ‘अभ्यासासाठी’ म्हटलं तरी. जाळ्यात सापडलं तर मच्छीमाराला सोडू द्या, तुम्ही फोटो काढा: पाठ, पोट, डोक्याची बाजू, मागचा पाय. पकडून मापं घ्यायची असतील तर मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते. मी अर्ज फेब्रुवारीत टाकला, चूक माझीच. कागद हातात आला तेव्हा मे उजाडला होता. मी व्हर्नियर कॅलिपर घेऊन भेगाळलेल्या चिखलावर उभी, आणि ज्यांची मापं घ्यायची ती सगळी पायाखाली झोपलेली. अर्ज दिवाळीच्या आधी टाका.