आधी बैठक मारा, मग कॅमेरा काढा

शाळेतली मुलं, त्यांचे पालक, ट्रेकला निघालेले भाचे-पुतणे, सगळ्यांचा मला एकच प्रश्न असतो, "मॅडम, कॅमेरा कोणता घेऊ?" मी साताऱ्यात विज्ञान शिकवते आणि सुट्टी मिळाली की सड्यांवर असते. माझं उत्तर ठरलेलं आहे. हातात आहे तोच कॅमेरा घ्या, पण एका दिवसात दहा ठिकाणं उरकायचा बेत सोडा. एक दगड, एक झाड नाहीतर एक डबकं निवडा आणि तिथे तासभर बसा. चालत्या माणसाला सड्यावर पळणाऱ्या शेपट्या तेवढ्या दिसतात. बसलेल्या माणसाभोवती मात्र थोड्या वेळाने सगळे जीव पुन्हा आपापल्या कामाला लागतात.

सडा म्हणजे आपल्याकडचं जांभ्या दगडाचं उघडं पठार. मार्च-एप्रिलमध्ये तिथे काळा-तांबडा दगड आणि वाळलेलं गवत, एवढंच दिसतं. म्हणून लोक म्हणतात, कास बघायचं तर पावसाळ्यात. मी म्हणते, शिकायची सुरुवात उन्हाळ्यात करा, आणि ती चाळकेवाडीच्या पठारावर करा. सज्जनगड, ठोसेघर ओलांडून वर गेलात की पवनचक्क्यांच्या खाली हे पठार लागतं. इथे एक सरडा आहे. नराच्या गळ्याखाली निळ्या, काळ्या आणि नारिंगी रंगाचा पंखा असतो. एरवी तो मिटलेला असतो. पावसाच्या आधीचे महिने विणीचे, तेव्हा नर उंच दगडावर चढून पंखा उघडमिट करत राहतो. ही जात शास्त्राला नवी म्हणून २०१६ साली नोंदवली गेली, आणि तिचं वर्णन याच चाळकेवाडीच्या पठारावरच्या नमुन्यांवरून झालं. आपल्या जिल्ह्याच्या नावावर असा जीव आहे, हे साताऱ्यातल्या प्रत्येक पोराला ठाऊक असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

त्याचा फोटो काढायचा कसा, ते सविस्तर सांगते. हे जमलं की बाकीचे बरेच जीव जमतात.

सकाळी ऊन चढू लागताना पठारावर असा. सरड्याला अंग तापवावं लागतं, म्हणून अगदी पहाटे जाऊन उपयोग नाही. आठ ते साडेदहा ही माझी वेळ. आधी कॅमेरा पिशवीतच ठेवून नुसतं बघा. आजूबाजूपेक्षा वीतभर उंच असलेले दगड हेरा, नर त्यांच्यावरच चढतो. एखादा दिसला आणि तुमच्या चाहुलीने पळाला, तर मागे जाऊ नका. मला हे तिथे गुरं राखणाऱ्या एका मामांनी शिकवलं. म्हणाले, "ताई, त्येच्या मागं कशाला पळताय? हितंच बसा. त्यो फिरून ह्याच दगडावर येतोय." नराचा आपला इलाका ठरलेला असतो, त्यामुळे मामांचं म्हणणं शास्त्रालाही धरून आहे.

बसायची जागा दगडापासून दहा-बारा पावलांवर घ्या. बसण्याआधी काठीने गवत हलवून बघा. या सड्यांवर फुरसं असतं, ते लहान असतं, दगडाच्या रंगात मिसळून जातं आणि विषारी असतं. दगडाखाली हात घालायचा नाही आणि दगड उलटायचाही नाही. त्या दगडाखाली विंचू, पाली, बेडूक यांचं घर असतं, आणि उलटलेला दगड लोक कधीच नीट परत ठेवत नाहीत.

आता उजेड. वाढदिवसाच्या फोटोत आपण सूर्य पाठीशी घेतो. इथे उलटं करा. सूर्य सरड्याच्या मागे, थोडा बाजूला राहील असे बसा. गळ्याचा पंखा पातळ कातडीचा असतो, मागून ऊन आलं की त्याचे रंग आतून पेटतात. अंगावर सावली येते, ती चालेल. आपली स्वतःची सावली मात्र त्याच्यावर पडू देऊ नका. वरून आलेली सावली त्याच्या लेखी शिकारी पक्ष्याचीच असते.

मग खाली या. कॅमेरा सरड्याच्या डोळ्याच्या उंचीला आला पाहिजे, म्हणजे तुम्ही पोटावर झोपलेले असणार. मी जुनं पोतं अंथरते. कॅमेऱ्याखाली ठेवायला तांदळाची कापडी पिशवी घेते. मुक्कामाला जाताना खिचडीचा तांदूळ न्यायचाच असतो, तोच दिवसभर कॅमेऱ्याची उशी होतो, वेगळं ओझं लागत नाही. शटर १/१००० सेकंदापेक्षा हळू नको, कारण पंखा उघडायचा आणि मिटायचा वेग फार असतो. छिद्र, म्हणजे लेन्समधलं उजेड आत घेणारं भोक, एफ/८ च्या आसपास ठेवा, नाहीतर डोळा स्पष्ट येतो आणि पंखा पुसट. फोकसचा एकच बिंदू घ्या आणि तो डोळ्यावर धरा. पंखा उघडण्याआधी तो मान वर करून पुढचे पाय ताठ करतो. तिथेच बटण दाबायला सुरुवात करा. पंखा उघडलेला दिसल्यावर दाबलंत तर उशीर झालेला असतो.

जवळ जायचंच असेल तर सरळ चालून जाऊ नका. बसल्या बसल्या तिरके सरका, थांबा, पुन्हा सरका. त्याने पंखा मिटून अंग दगडाला चपटं केलं की तुम्ही हद्द ओलांडलेली आहे. तिथून दोन हात मागे या आणि त्याला पुन्हा सुरू होऊ द्या. फोटोपेक्षा त्याची वीण महत्त्वाची, यात माझ्याकडे तडजोड नाही. पाऊस लागायच्या आत त्याला जोडीदार मिळायला हवा, आणि तुमच्या भीतीने दगडाआड गेलेला वेळ त्याच्या हिशेबातून वजा होतो.

इथे एक लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट. याच पठारावर झालेलं एक संशोधन २०१८ साली प्रसिद्ध झालं. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी कमी, त्यामुळे सरडे जास्त, आणि ते माणसालाही जवळ येऊ देतात. पण तिथल्या नरांचे रंग चक्क्यांपासून दूरच्या नरांपेक्षा फिके आढळले. त्यामुळे सराव करायचा तर चक्क्यांच्या पायथ्याशी करा, आणि हात बसला की जिथे चक्क्या नाहीत तिथले नर शोधा. ते बुजरे असतात, पण रंग बघाल तर कष्टाचं चीज होतं.

कासबद्दल

कास साताऱ्यापासून पंचवीसेक किलोमीटरवर. पश्चिम घाटातल्या ज्या जागा २०१२ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्या, त्यांत हे पठार आहे. हंगामात लोकांची संख्या मर्यादित ठेवलेली असते, आधी नोंदणी करून जा आणि शनिवार-रविवार टाळा.

सरड्यासाठी पोटावर झोपा म्हणाले, कासला ते करायचं नाही. फुलं दिसोत न दिसोत, पायवाट सोडली की बुटाखाली काहीतरी चिरडतंच. जांभ्यावर मातीचा थर बोटभर, तो एकदा उखडला की भरून यायला फार काळ लागतो. म्हणून पायवाटेवरच बसा आणि हाताच्या अंतरावर जे आहे तेच टिपा. तिथेच पुष्कळ असतं. गेंदाचे पांढरे गोंडे, सीतेच्या आसवांची जांभळी फुलं, सोनकी, तेरडा. गेंदाचा पांढरा रंग काळ्या ओल्या दगडापुढे पार जळून जातो, तेव्हा एक्स्पोजर, म्हणजे फोटोतला उजेड, एक घर (स्टॉप) कमी करा. मोबाइलवर फुलाला बोट लावून उजेडाची पट्टी खाली ओढली की झालं. उलट धुक्याचं दृश्य कॅमेरा नेहमी काळपट काढतो, तिथे एक घर वाढवा.

दवबिंदू ही कीटक खाणारी चिमुकली वनस्पती सापडली तर तिला सूर्याच्या विरुद्ध बाजूने बघा. तिच्या केसांवरचे थेंब चिकट असतात, दवासारखे उन्हात उडून जात नाहीत. त्यामुळे बाकी गवत सुकल्यावरही ती चमकत असते आणि शोधायलाही सोपी जाते. पावसाच्या सुरुवातीला गेलात तर डबक्यांत वायतुरा बघा, दोन फाट्यांचा फुलोरा असलेला. ही वनस्पती साताऱ्याच्या नावाने ओळखली जाते. कारवी मात्र नशिबाची, ती सात वर्षांनी फुलते.

पावसात कॅमेरा भिजण्यापेक्षा आतून बाष्प धरण्याचा त्रास जास्त. एसी लावलेल्या गाडीतून थंड लेन्स बाहेर काढली की काच धुरकट होते. पुसत बसू नका. चढावर एसी बंद करून काचा उघडा, वर पोहोचेपर्यंत लेन्स बाहेरच्या हवेला सरावते.

वासोटा, कोयना आणि झाडाखालची बैठक

बामणोलीहून शिवसागरातून, म्हणजे कोयनेच्या जलाशयातून, लाँचने वासोट्याच्या गडाला जाताना वनखात्याची परवानगी लागते आणि गडावर मुक्काम करता येत नाही. हे सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचं जंगल आहे, नियम योग्यच आहेत. पण फोटोच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की जंगलात शिरता तेव्हा सकाळचा उजेड संपलेला असतो आणि परतीची घाई डोक्यावर असते. म्हणून तिथे मोठ्या जनावरांची आशा धरू नका. झाडीत अंधार असतो, आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची क्षमता, १६०० ते ३२०० ठेवा, फोटोत दाणे आले तरी चालतील. शेकरूची घरटी, झाडांच्या खोडावरच्या बुरश्या, कोळ्यांची जाळी, बाबूकडा या उभ्या कड्याचा पडदा, एवढ्यावर दिवस सार्थकी लागतो. गवा दिसला तर जागीच थांबा, कॅमेरा खाली करा आणि हळूहळू मागे सरा. तो आडवा उभा राहून अंग दाखवतोय, फुत्कारतोय, याचा अर्थ वाट त्याला द्यायची.

पक्ष्यांसाठी मी ऋतूपेक्षा झाडावर भरवसा ठेवते. फेब्रुवारी-मार्चमध्ये काटेसावर, पळस आणि पांगारा फुलतात, तेव्हा त्यांच्या फांद्यांवर पानं जवळजवळ नसतात. मधाला साळुंक्या, कोतवाल, शिंजीर, हळद्या येतात आणि आड यायला पान नसतं. उंबर पिकला की हरियल येतात, आपला राज्यपक्षी. अशा झाडापासून लांब, दुसऱ्या झाडाच्या बुंध्याला टेकून बसा. पक्षी कोणत्या फांदीवर आधी उतरतात ते बघा, ते बहुधा ठरलेलं असतं. कॅमेरा त्या फांदीवर आधीच रोखून ठेवा.

मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावणं मला अजिबात मान्य नाही. तो शत्रू आला म्हणून घरटं सोडून भांडायला येतो, आपल्याला भेटायला नव्हे. पक्ष्यांच्या घरट्यांचे फोटोही काढू नका. आपण फांदी बाजूला सारतो आणि आपल्यामागून कावळ्याला वाट दिसते.

सांगलीकडच्या मंडळींनी एवढ्या लांब यायची गरज नाही. सागरेश्वर अभयारण्य तुमच्या दाराशी आहे, तिथे चितळ आणि मोर दिसतात. कृष्णाकाठी खंड्यासाठी बसणार असाल तर पाण्याच्या कडेला बसू नका. भिलवडी, औदुंबर, डिग्रजच्या पट्ट्यात नदीत मगरी आहेत. घाटाच्या वरच्या पायरीवरून खंड्या चांगला मिळतो.

मुक्कामाच्या रात्री

बामणोली-तापोळ्याकडे तंबूत राहणार असाल तर अमावस्येच्या जवळची रात्र धरा. कॅमेरा तिकाटण्यावर (ट्रायपॉडवर), १८ एमएमची लेन्स, छिद्र जेवढं उघडेल तेवढं, आयएसओ ३२००, वेळ पंधरा ते अठरा सेकंद. त्याहून जास्त ठेवलंत तर तारे रेघा होऊन येतात. मृगाच्या आधी काजवे दिसले तर हाच कॅमेरा तसाच ठेवून एकामागून एक वीस-तीस फोटो घ्या आणि घरी ते एकावर एक चढवा. मात्र टॉर्च, मोबाइल, गाडीचे दिवे सगळं बंद. काजवे एकमेकांना उजेडानेच शोधतात, आपल्या झोतात त्यांचा जोडीदार हरवतो. चालताना पायापुढे उजेड हवाच, तेव्हा टॉर्चला लाल जिलेटिन लावा आणि झोत जमिनीवर ठेवा. हिवाळ्यात कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या गारठ्याने लवकर उतरतात, रात्री त्या अंथरुणात घेऊन झोपा.

घरी आल्यावर त्याच दिवशी फोटो संगणकावर उतरवा आणि प्रत्येक फोल्डरला तारीख, जागा आणि वेळ लिहा. पुढच्या वर्षी कोणत्या आठवड्यात कुठे बसायचं, ते या नोंदींवरूनच ठरतं. फोटो टाकताना मात्र जागा लिहू नका. आमरी (ऑर्किड), कंदीलपुष्प यांसारखी दुर्मीळ फुलं, खवल्या मांजर, घुबडाची ढोली, यांची नेमकी जागा कळली की आठवडाभरात तिथे गाड्या उभ्या राहतात, आणि कधीकधी खुरपं किंवा जाळं घेतलेली माणसंही. मोबाइलच्या कॅमेऱ्यातली लोकेशनची खूण ट्रेकला निघण्याआधीच बंद करा, म्हणजे नंतर आठवण ठेवावी लागत नाही. फोटोखाली "सातारा जिल्हा" एवढं लिहिलं तरी पुरे आहे.