वर्दीतलं व्यक्तिचित्र तेलरंगात उतरवताना या चुका टाळा

स्पॅनिश चित्रकार गोयाने 1812 साली माद्रिदमध्ये रंगवलेलं ब्रिटिश सेनापती ड्यूक ऑफ वेलिंग्टनचं चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. लाल कोट, छातीभर पदकं, आणि त्या सगळ्या थाटात थकलेले डोळे. तेलरंग शिकताना मी याचीच नक्कल केली. आता गावातली पोरं शिकायला येतात, त्यांनाही मी हेच चित्र देतो.

जो तो सुरुवात पदकांपासून करतो. चेहऱ्याची भीती वाटते, पदक सोपं वाटतं. मग सपाट छातीवर पदकं टिकल्यांसारखी चिकटलेली दिसतात. गोयाने तर मानचिन्हं नंतर बदललीसुद्धा, 1814 मध्ये नवा सुवर्ण क्रॉस चढवला. खालची छाती आधीच पक्की उभी होती, म्हणून ते जमलं. तुम्हीही रॉ अंबर हा मातकट तपकिरी रंग टर्पेंटाइनमध्ये पातळ करून पूर्ण आकृती एकाच रंगात मांडा आणि उजेडाची जागा फडक्याने पुसून काढा. डोळे बारीक करून पाहिलं की बारकावे विरतात, उजेड आणि सावली तेवढी उरते. तीच आधी धरा. पदकाला सोनेरी रंगाची ट्यूब नको. यलो ऑकर (मातकट पिवळा), अंबर आणि अगदी शेवटी पांढरट पिवळ्याचा एकच ठिपका पुरतो.

कॅनव्हास घेताना माप पाहा. मूळ चित्र साधारण 64 बाय 52 सेंटिमीटर आहे. 18 बाय 24 इंची कॅनव्हासवर ते काठोकाठ बसवायला गेलात तर चेहरा लांबुडका होतो. 16 बाय 20 जवळपास बरोबर बसतो.

लाल कोटाच्या सावलीत काळा मिसळू नका, लाल मरून जातो. अ‍ॅलिझरिन क्रिमसन (गडद लाल) आणि बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) वापरा. मोबाइलवर बघून रंगवत असाल तर स्क्रीनचा उजेड आपोआप कमीजास्त होणं आधी बंद करा, नाहीतर सकाळचा लाल संध्याकाळी वेगळाच दिसतो.

आता तेलाचं. आपल्याकडे जवस घरचं असतं, म्हणून माझ्या पहिल्या चित्रात मी तेलघाण्यावरचं जवसाचं तेल वापरलं. तेलरंगात जवसाचंच तेल असतं हे खरं, पण ते शुद्ध केलेलं. घाण्याच्या तेलात चिकट गाळ राहतो आणि ते जास्त पिवळं पडतं. दोन महिने झाले तरी माझा लाल कोट बोटाला चिकटत होता. त्या वर्षी भाव नव्हता म्हणून कापूस घरातच भरून ठेवला होता. त्याचे तंतू उडून कोटावर बसले, आणि चिमट्याने एकेक काढताना खालचा रंगही निघून आला. हार्डवेअरच्या दुकानातलं डबल बॉइल्ड तेलही नको, ते दारं-खिडक्यांसाठी असतं. टर्पेंटाइनऐवजी रॉकेल तर अजिबात नको; ते लवकर उडत नाही आणि थर ओला ठेवतं.

थरांचा नियम एकच: खालचा थर कमी तेलाचा, वरचा जास्त तेलाचा. पहिल्या थरात टर्पेंटाइन जास्त, पुढे तेल वाढवत न्या. उलटं केलंत तर वरचा थर आधी वाळतो, खालचा हलत राहतो आणि भेगा पडतात. मे महिन्यात पारा 45 वर गेला की वरची साय झटकन धरते. बोट लावून 'वाळलं' म्हणू नका, आणि घाईने चित्र उन्हातही ठेवू नका. रंग पातळ लावला असेल तरी वार्निशला सहा महिने थांबा. दिवाळीत संपलेल्या चित्राला अक्षय तृतीयेच्या सुमारास हात लावा.

एक गोष्ट मात्र रोजची. जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल हवेने वाळताना गरम होतं, आणि बोळा घट्ट असेल तर आपोआप पेट घेऊ शकतो. ज्या घरात कापसाचा ढीग आहे तिथे तर हे विसरून चालणारच नाही. काम संपलं की फडकी पाण्यात बुडवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात घाला, आणि तो डबा अंगणात, कापसापासून आणि पळाटीच्या गंजीपासून लांब ठेवा.