बंद होणाऱ्या डिपार्टमेंट स्टोअरमध्ये खरेदी करताना

'सगळा माल विकणे आहे' अशी पाटी लागली की लोक धावत सुटतात. तुम्ही आधी घरातलं गिफ्ट कार्ड शोधा. दिवाळखोरीत ते बहुधा ठरावीक मुदतीपर्यंतच चालतं.

२०१८ मध्ये अमेरिकेतली डिपार्टमेंट स्टोअरची साखळी सिअर्स दिवाळखोरीत गेली, २०२१ मध्ये तशाच डेबनहॅम्सची ब्रिटनमधली दुकानं मिटली. लोक ऑनलाइन वळले हे खरं, पण कर्जाचा बोजाही होताच. असो, आपण खरेदीचं बोलू.

असा सेल बरेचदा माल निकालात काढणारी वेगळी कंपनी चालवते. ती जुनी कुपनं बंद करते आणि सूट छापील किमतीवर धरते. त्यामुळे '३० टक्के सूट' असलेली सूटकेस इतरत्र रोजच्या भावात स्वस्त मिळू शकते. मॉडेल नंबर मोबाइलवर टाकून बघाच. मी तर वरचा स्टिकर नखाने खरवडते. कधीकधी खाली कमी आकडा निघतो! लाज कसली त्यात?

सूट हळूहळू वाढते, पण तोवर चांगला माल संपतो. चादरी, मोजे, नेहमीच्या मापाचे बूट लवकर उचला. शोभेच्या वस्तूंना थांबलात तरी चालेल. माल सहसा परत घेत नाहीत, म्हणून चेन ओढून, मिक्सर तिथेच लावून बघा. वॉरंटी उत्पादकाची आहे की दुकानाची, तेही विचारा. दुकानाची असेल तर नसल्यातच जमा.

शेवटी रॅक, आरसे, पुतळेही विकतात. ते खोलायला पाना आणि न्यायला टेम्पो आपलाच.